ऑफिसातला कचरा: इंदूरच्या सहकाऱ्यांनी वारंवार विचारलेले प्रश्न

मी इंदूरच्या एका चाळीस माणसांच्या ऑफिसात प्रशासनाचं काम बघते. कचऱ्याचं काम माझ्याकडे कुणी सोपवलं नव्हतं. एका उन्हाळ्यात पॅन्ट्रीतल्या डब्याला वास सुटला होता, मावशी वाकून तो हातानेच उपसत होत्या, आणि ते बघून मला जागेवर बसवेना. तिथून सुरुवात झाली. पुढे बहिणीच्या ऑफिसात आणि ओळखीच्या आणखी दोन-तीन ठिकाणी हीच घडी बसवून दिली. सगळीकडे प्रश्न जवळजवळ तेच आले, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढते आहे.

इंदूर तर आधीच स्वच्छ आहे. ऑफिसात वेगळं काय करायचं राहिलं?

घरातलं काम झालं, ऑफिसातलं राहिलं. केंद्र सरकार शहरांच्या स्वच्छतेची क्रमवारी लावतं, त्या स्वच्छ सर्वेक्षणात 2016 साली आपलं शहर 25 व्या क्रमांकावर होतं आणि 2017 मध्ये ते पहिलं आलं. मधल्या काळात रस्त्यावरच्या कचराकुंड्या गेल्या आणि सकाळी गाणं वाजवत येणारी पिवळी गाडी दारात उभी राहू लागली. आज त्या गाडीला ओला, सुका, प्लास्टिक, सॅनिटरी, घातक आणि ई-कचरा असे सहा खाने असतात. राजेंद्रनगरात जा, सुदामानगरात जा, सत्तरीच्या आजीसुद्धा कांद्याची सालं आणि दुधाची पिशवी एका डब्यात टाकत नाहीत.

पण त्याच घरातला मुलगा सकाळी अकरा वाजता ऑफिसात अर्धी कचोरी, तिचा तेलकट कागद, चहाचा कप आणि कालचं प्रिंटआउट एकाच डब्यात सोडून देतो. त्याला कळत नाही असं नाही. घरचा डबा त्याचा असतो. मिसळलेला डबा गाडीवाल्या भैयाने परत केला, तर शेजारी बघतात आणि आई बोलते. ऑफिसातला डबा मात्र कुणाचाच नसतो. संध्याकाळी तो भरलेला असतो, सकाळी रिकामा होतो, आणि मधे कुणाचे हात लागले हे दिसत नाही. मला या सगळ्यात सांगण्यासारखी एकच गोष्ट वाटते: ऑफिसातल्या कचऱ्याला आधी मालक मिळवून द्यायला हवा.

आपण वेगळा केलेला कचरा पुढे गाडीत एकत्रच होतो ना?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेला आहे, आणि विचारणाऱ्यांना मी दोष देत नाही. आमचं ऑफिस पूर्वी ज्या इमारतीत होतं, तिथे सफाईच्या ठेक्यावरची माणसं प्रत्येक मजल्यावरच्या वेगळ्या पिशव्या जिन्याखाली एकाच गोणीत ओतायची. महिनाभर आम्ही मन लावून वेगळं करत होतो आणि खाली त्याची माती होत होती. हे कळलं त्या दिवशी निम्म्या लोकांनी हात टेकले.

म्हणून आता मी कुठेही पहिलं काम हेच करते: कचऱ्यामागे चालत जाते. मजल्यावरून तळघरापर्यंत, तळघरातून गाडीपर्यंत. एका सकाळी दोघातिघांनी मिळून हे केलं की साखळी नेमकी कुठे तुटते ते दिसतं. बहुतेक वेळा ती इमारतीच्या आतच तुटते, गाडीत नाही.

गाडीच्या पुढचं काय होतं, तेही माहीत असावं. ओला कचरा देवगुराडियाला, म्हणजे शहराच्या कचरा केंद्रात जातो. तिथे पूर्वी कचऱ्याचे डोंगर होते. लाखो टन जुना कचरा चाळून, वेगळा करून ती जमीन मोकळी केली गेली आणि तिच्या काही भागावर आता झाडी उभी आहे. त्याच परिसरात 19 फेब्रुवारी 2022 रोजी गोबरधन बायो-सीएनजी प्रकल्पाचं उद्घाटन झालं. दिवसाला 550 टन ओला कचरा घेण्याची त्याची क्षमता आहे आणि त्यातून रोज सुमारे 17,000 किलो बायो-सीएनजी व 100 टन खत मिळावं अशी त्याची आखणी आहे. हा गॅस शहरातल्या बसगाड्यांतही जातो. बंद टाकीत जिवाणू अन्न कुजवतात आणि त्यातून मिथेन निघतो, इतकं ते सरळ आहे. पण त्या टाकीत प्लास्टिकचे चमचे, पेनं आणि चिकटपट्ट्या गेल्या, तर यंत्रं अडतात आणि खतही बिघडतं. इतका मोठा प्रकल्प या शहरात उभा राहू शकला, कारण इथला ओला कचरा घरातूनच स्वच्छ निघतो. आपल्या पॅन्ट्रीतल्या डब्याची जबाबदारी तिथपर्यंत पोचते.

टेबलाखालचे डबे काढून टाकायचे म्हणता. लोक चिडतील.

चिडतील. आमच्याकडेही चिडले. तरी काढाच.

टेबलाखालचा डबा म्हणजे न बघता टाकण्याची सोय. हात खाली जातो, वस्तू सुटते, डोळे स्क्रीनवरच असतात. तोच माणूस उठून दहा पावलं चालला आणि समोर दोन-तीन डबे दिसले, की हातातल्या वस्तूकडे बघतो. तेवढं बघणं पुरतं. शिवाय चाळीस छोट्या डब्यांना चाळीस पिशव्या लागतात आणि बहुतेक पिशव्या पाव भरलेल्या असतानाच बांधून टाकल्या जातात. त्या थांबल्या, हा पहिला फायदा आम्हाला पहिल्याच आठवड्यात दिसला.

रातोरात मात्र काढू नका. शुक्रवारी संध्याकाळी डबे गायब आणि सोमवारी सकाळी फतवा, असं केलं की लोक ड्रॉवरमध्ये कचरा साठवतात. मी स्वतः एकेका टेबलाशी गेले, कारण सांगितलं, आणि ज्यांनी आपणहून डबा दिला त्यांचा आधी घेतला. तीन आठवडे लागले. आमचे ज्येष्ठ अकाउंटंट काका शेवटपर्यंत द्यायला तयार नव्हते. मी त्यांना आग्रह केला नाही. आजूबाजूचे सगळे उठून जाताना बघून त्यांनीच एक दिवस डबा माझ्या टेबलावर आणून ठेवला, आणि आता नव्या मुलांना तेच समजावतात.

डबे कुठे ठेवायचे हेही महत्त्वाचं आहे. ओल्याचा हिरवा आणि सुक्याचा निळा नेहमी जोडीने ठेवा. एकटा डबा दिसला की त्यात सगळंच पडतं. प्रिंटरजवळ फक्त कागदाचं खोकं असू द्या.

कुठल्या डब्यात काय टाकायचं, यात दरवेळी गोंधळ होतो.

होणारच. ऑफिसातल्या बऱ्याच वस्तू घरात नसतात. भिंतीवर मोठा तक्ता लावला तर तो आठवडाभर वाचतात, मग भिंतीचा रंग होतो. आम्ही प्रत्येक डब्याच्या झाकणावर खऱ्या वस्तूच चिकटवल्या: निळ्यावर सपाट केलेला बिस्किटाचा पुडा आणि पेनाचं टोपण, हिरव्यावर केळ्याचं वाळकं साल. साल महिन्याने बदलावं लागतं, पण कुणाला वाचत बसावं लागत नाही.

नेहमी अडणाऱ्या काही वस्तू सांगते. चहाचा चोथा ओल्यात. खाण्याने माखलेला साधा टिश्यू ओल्यात, पण सुगंधी ओले वाइप्स ओल्यात नाहीत, त्यांत बहुतेक वेळा कृत्रिम धागा असतो. पळसाच्या पानाचा द्रोण ओल्यात. चांदीसारखा चकाकणारा द्रोण मात्र पुसून सुक्यात, कारण त्या चकाकीखाली प्लास्टिकचा पापुद्रा असतो. कुरिअरची पिशवी आणि फुगेवालं वेष्टन पुन्हा वापरण्यासाठी बाजूला ठेवा, फाटल्यावर प्लास्टिकमध्ये टाका. पेट्रोल पंपाची, एटीएमची, दुकानाची गुळगुळीत पावती कागदाच्या खोक्यात टाकू नका. ती उष्णतेने उमटणारी असते आणि तिच्यावरच्या रसायनाचा थर चांगल्या कागदात मिसळू नये. ती सुक्यात जाते. स्टेपलरच्या पिनांची फार काळजी करू नका, कागद कारखान्यात त्या वेगळ्या काढतात. मोठ्या क्लिपा तेवढ्या काढून घ्या, त्या परत कामाला येतात.

दह्याचा डबा किंवा डाळीची पिशवी सुक्यात टाकण्याआधी एकदा विसळा. न विसळलेला एक डबा खोकंभर कागद नासवतो. मी हे डोळ्यांनी बघितलं आहे, आणि तो कागद मग रद्दीवालाही घेत नाही.

कागदी कप तर कागदाचेच असतात. मग अडचण काय?

आत पातळ प्लास्टिकचा थर असतो म्हणून चहा गळत नाही. त्या थरामुळे कप नीट कुजतही नाही आणि साध्या रद्दीत चालतही नाही. आयआयटी खरगपूरच्या संशोधकांनी 2020 मध्ये दाखवलं, की अशा कपात 100 मिलिलिटर गरम द्रव 15 मिनिटं ठेवला तर त्यात सुमारे 25,000 सूक्ष्म प्लास्टिक कण उतरतात. म्हणजे प्रश्न कचऱ्याचाच नाही, पोटाचाही आहे.

हिशेब मांडून बघा. चाळीस माणसं, दिवसाला तीन चहा, महिन्याचे पंचवीस दिवस: 3,000 कप महिन्याला. आम्ही प्रत्येकाला घरून एक कप आणायला सांगितलं. ऑफिसातल्या एका दादांनी सासरच्या लग्नातला स्टीलचा पेला आणला, कुणी मुलाच्या नावाचा मग. पाहुण्यांसाठी काचेचे बारा पेले घेतले. धुण्याचा प्रश्न येतोच. तो मावशींवर ढकलला, तर आपण कचरा कमी करून त्यांचं काम वाढवलं असं होतं. आमचा नियम एवढाच आहे: आपला कप आपण विसळायचा, साहेबांनीसुद्धा.

सकाळचे पोहे बाहेरून येतात. त्यांचं काय करावं?

इंदूरमध्ये पोह्यांशिवाय ऑफिस सुरू होत नाही, आणि ते बंद करा असं मी कुणाला सांगणार नाही. सवय बदलायची ती भांड्याची. वीस पुड्या बांधून आणल्या की वीस कागद, वीस रबर, सेवेच्या आणि जिरावणाच्या (पोह्यांवर भुरभुरायच्या मसाल्याच्या) वेगळ्या पुड्या, चमचे आणि वर एक मोठी पिशवी येते. आम्ही झाकणाचा एक मोठा स्टीलचा डबा घेतला. ऑफिसबॉय तोच घेऊन जातो, दुकानदार तोलून भरून देतो, सेव आणि जिरावण छोट्या डब्यांत. इथे ताटल्या आणि चमचे आहेत. पहिल्या दिवशी दुकानदाराने हसून विचारलं, लग्न आहे का. आता डबा दिसला की तोच आधी भरतो.

छापील वर्तमानपत्रात खाणं बांधू नये असं एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेनेही सांगितलेलं आहे, कारण शाई अन्नात उतरते. डब्याच्या बाजूने हे आणखी एक कारण.

कागद किती वाचणार असा? सगळं तर आता मेलवरच असतं.

असं मलाही वाटायचं. मग एक महिनाभर प्रिंटरजवळचे टाकलेले कागद मोजले. नुसते चुकीचे निघालेले, दुसऱ्याच कुणीतरी काढून विसरलेले आणि शेवटच्या पानावर एकच ओळ असलेले. गठ्ठा बघून आमचे साहेब गप्प झाले.

ए-फोर आकाराचा 80 जीएसएमचा (चौरस मीटरला 80 ग्रॅम भरणारा) एक कागद बरोबर पाच ग्रॅमचा असतो, पाचशेचं रिम अडीच किलोचं. चाळीस जणांनी रोज दहा-दहा पानं काढली तर महिन्याला 10,000 पानं होतात, म्हणजे वीस रिम, पन्नास किलो कागद. दोन्ही बाजूंनी छपाई ही प्रिंटरची मूळ सेटिंग करून ठेवा. ज्याला एका बाजूला हवं आहे त्याने ती बदलावी. आणि छपाईचा हुकूम मशीनपाशी जाऊन आकडा दाबल्याशिवाय सुटणार नाही असं करता येतं, तेही करा. विसरलेली पानं जवळजवळ संपली. एका बाजूने कोरे कागद मधे कापून, शिवून टिपणवह्या केल्या. शाळेत असताना आई जुन्या वह्यांची उरलेली पानं काढून अशाच वह्या शिवायची, मला ते शिकवावं लागलं नाही.

जुने माउस, बॅटऱ्या, ट्यूबलाइट?

यांना साध्या डब्यात अजिबात जागा नाही. ट्यूबलाइटमध्ये पारा असतो, ती फुटू न देता तिच्याच खोक्यात ठेवा आणि घातक कचऱ्यात द्या. बॅटऱ्यांसाठी बरणी ठेवा. यूपीएसची मोठी बॅटरी नवी घेताना दुकानदार परत घेतो, तशीच द्या. टोनरचं रिकामं नळकांडं पुरवठादाराला परत करता येतं का ते खरेदी करतानाच ठरवून घ्या.

संगणक, वायरी, चार्जर यांचा गठ्ठा भंगारवाल्याला दिला की दोन पैसे जास्त मिळतात हे खरं आहे. पण पुढे कुठल्यातरी मोकळ्या जागेत ती वायर तांब्यासाठी जाळली जाते आणि तो धूर कुणाच्यातरी मुलांच्या छातीत जातो. ई-कचऱ्याचे नवे नियम 1 एप्रिल 2023 पासून लागू आहेत. नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्यालाच द्या आणि पावती घ्या. हार्डडिस्क देण्याआधी पुसा.

सॅनिटरी कचऱ्याबद्दल मिटिंगमध्ये बोलायला संकोच वाटतो.

बोला. आम्हीही टाळत होतो आणि त्याची किंमत मावशी मोजत होत्या. महिलांच्या स्वच्छतागृहात पायाने उघडणारा झाकणाचा वेगळा डबा, शेजारी जुन्या वर्तमानपत्राचे कापलेले तुकडे आणि गुंडाळून वर लाल खूण करायला एक स्केचपेन, एवढं पुरतं. हा कचरा गाडीतही वेगळ्या खान्यात जातो. वापरलेली बँडेजं, मास्क इथेच.

न पाळणाऱ्यांना दंड लावावा का?

माझं मत: नको. दंड लावला की लोक पैसे देऊन मोकळे होतात आणि कचऱ्याचं मालकपण पुन्हा सुटतं. बक्षिसाचं वेड फारतर महिनाभर टिकतं. आमच्याकडे त्याहून साधी गोष्ट चालली. दर आठवड्याला एकेका विभागाची पाळी असते. त्या विभागातल्या दोघांनी संध्याकाळी पाच मिनिटं डब्यांत डोकावायचं, हातमोजे घालून चुकलेलं बाजूला काढायचं आणि फळ्यावर दोन आकडे लिहायचे, ओल्याचं वजन आणि सुक्याचं. वजनाला दोनशे-तीनशे रुपयांचा लटकता काटा पुरतो. एकदा स्वतःच्या हाताने दुसऱ्याचा उष्टा समोसा कागदांतून काढला, की माणूस आयुष्यात पुन्हा तसा टाकत नाही. पाळीतून कुणालाही सूट नाही. साहेब स्वतः मोजे घालून उभे राहिले त्या दिवसानंतर मला फारसं समजवावं लागलं नाही.

साहेबांनाच पटत नसेल तर?

त्यांना एक आठवड्याचे आकडे दाखवा: पिशव्यांचा खर्च, कपांचा खर्च, रिमांचा खर्च. पर्यावरणावर भाषण देऊ नका.

ऑफिसातच खत करता येईल का?

गच्ची किंवा बाल्कनी असेल आणि ओला कचरा दिवसाला दोन-तीन किलोच असेल तर जरूर. भोकं असलेल्या दोन-तीन मातीच्या कुंड्या घ्या, एका थर ओल्यावर दोन थर वाळका पाला टाका. आंबट वास आला तर ओल जास्त झाली आहे, पाला वाढवा आणि हलवा. शिजलेलं तेलकट खाणं थोडंच टाका. दीड ते तीन महिन्यांत खत तयार होतं. कुणी रोज बघणारं नसेल तर मात्र हे करू नका. गाडीला स्वच्छ ओला कचरा देणं हेही तितकंच चांगलं काम आहे. दिवसाला 100 किलोपेक्षा जास्त कचरा होणाऱ्या संस्थांवर 2016 च्या घनकचरा नियमांनी शक्यतो आपल्या आवारातच ओल्याची सोय करण्याची जबाबदारी टाकली, तेव्हा मोठं कॅन्टीन असलेल्यांनी हा प्रश्न गंभीरपणेच घ्यावा.

वाढदिवस, दिवाळी, गणपती?

हे दिवस सगळी घडी मोडतात. थर्माकोलची सजावट, प्लास्टिकचे चमचे-पेले आणि मिठाईच्या खोक्यावरचं प्लास्टिकचं वेष्टन यांवर 1 जुलै 2022 पासून देशभर बंदी आहे, तरी ऑफिसच्या पार्टीत ते हमखास दिसतं. आम्ही तीस स्टीलच्या ताटल्या-वाट्यांचा एक संच घेऊन ठेवला. तो आता लोक घरच्या हळदीकुंकवालाही नेतात आणि घासून परत आणतात. सजावट कागदी आणि कापडी, ती दरवर्षी तीच. गणपती शाडूचा, विसर्जन बादलीत, ती माती ऑफिसच्या कुंड्यांत. निर्माल्य डब्यात टाकायला मन धजत नाही, म्हणून त्याची वेगळी टोपली असते आणि ते कुंडीत जिरतं.

रद्दीचे पैसे कुणाचे?

मावशींचे. आम्ही सुरुवातीला ते पार्टी फंडात टाकत होतो आणि मला आजही त्याची खंत वाटते. कागद वेगळा आणि कोरडा राहू लागल्यापासून रद्दीचं वजन वाढलं, भावही बरा मिळतो. हातमोजे, साबण आणि लांब दांड्याची सुपली ऑफिसच्या खर्चातून, रद्दी पूर्ण त्यांची. आता महिन्याच्या शेवटच्या शनिवारी रद्दीवाला येतो तेव्हा मावशी काट्यासमोर उभ्या राहतात, आणि तो शून्यावर आल्याशिवाय पहिला गठ्ठा ठेवू देत नाहीत.